कार्यक्रमांचे कालमापन, संगणकीय

संगणकाला दिलेला कार्यक्रम किंवा त्याचा एखादा भाग पार पाडण्यास किती वेळ लागतो, हे ठरविण्याच्या पद्धतींना कार्यक्रमांचे कालमापन असे म्हणतात. कार्यक्रम म्हणजे संगणकाने ठराविक क्रमाने पार पाडावयाच्या आदेशांची मालिका होय. या मालिकेला लागणारा काळ दोन प्रकारांनी काढता येतो. पहिल्या प्रकारात किती क्रिया होतील याची गणना कागदावर करून तीवरून काळाचा अंदाज बांधतात. दुसऱ्या प्रकारात कार्यक्रम प्रत्यक्ष चालवून घड्याळाने काळ मोजतात. पहिल्या प्रकारातून संगणनशास्त्राची एक स्वतंत्र सैद्धांतिक शाखा निर्माण झाली, तर दुसऱ्यातून प्रायोगिक मापनाचे एक तंत्र विकसित झाले. यंत्र खरेदी करणे, कार्यक्रमात सुधारणा करणे, विमाने व अवकाशयाने यांचे वेळेत नियंत्रण करणे आणि गुप्त माहितीचे रक्षण करणे या सर्वांचा या मापनाशी निकटचा संबंध आहे. दिसावयास सोपे असले, तरी हे मापन नेहमीच वादाचा विषय ठरले आहे. नेमका कोणता काळ मोजावयाचा आणि कोणत्या कामासाठी, या प्रश्नांची उत्तरे यंत्रांच्या रचनेबरोबर बदलत गेली, हे त्याचे मुख्य कारण होय.

पूर्वपीठिका : कालमापनाचा विचार प्रत्यक्ष संगणकांच्या आधीपासून आढळतो. चार्ल्स बॅबेज या इंग्रज गणितज्ञांनी १८३४ च्या सुमारास ‘ॲनॅलिटिकल एंजिन’ या यांत्रिक गणकाची कल्पना मांडली. या यंत्राविषयी एडा लव्हलेस यांनी १८४३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या टिपांत, एकच गणित क्रियांच्या निरनिराळ्या क्रमांनी करता येते व त्यांपैकी कमीत कमी वेळ घेणारा क्रम निवडणे हे महत्त्वाचे उद्दिष्ट आहे, असे प्रतिपादन केले होते. बॅबेज यांनीही १८६४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या आत्मवृत्तात हाच प्रश्न भावी विज्ञानाला मार्गदर्शक ठरेल असे सूचित केले. हे यंत्र पूर्णपणे कधीच बांधले गेले नाही. त्यामुळे हा विचार सु. शंभर वर्षे कागदावरच राहिला.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात हा प्रश्न व्यावहारिक बनला. तोफगोळ्यांच्या प्रक्षेपपथांची कोष्टके तयार करण्यासाठी अमेरिकेत गणनाकारांची मोठी पथके काम करीत. सु. ६० सेकंद हवेत राहणाऱ्या एका गोळ्याचा प्रक्षेपपथ मेजावरील गणकयंत्राच्या साहाय्याने काढण्यास कुशल व्यक्तीला सु. २० तास लागत. ‘एनिॲक’ या इलेक्ट्रॉनीय संगणकाने तेच गणित सु. ३० सेकंदांत केले. गोळा जमिनीवर पडण्यापूर्वीच त्याचा मार्ग गणिताने मिळू लागला, ही गोष्ट फेब्रुवारी १९४६ मधील त्याच्या जाहीर प्रात्यक्षिकाच्या वेळी विशेष गाजली. या यंत्रात एका बेरजेस २०० मायक्रोसेकंद (१ मायक्रोसेकंद = सेकंदाचा दशलक्षांश भाग) लागत. तथापि नवीन गणितासाठी तारांची जोडणी व कळांची मांडणी बदलण्यात अनेक दिवस जात. गणिताला लागणारा काळ आणि उत्तर हाती येण्यास लागणारा एकूण काळ हे भिन्न असतात, हा धडा यातून आरंभीच मिळाला.

पहिले कार्यक्रम : कार्यक्रम स्मृतीत साठवून चालविणाऱ्या पहिल्या इलेक्ट्रॉनीय संगणकाचा पहिला यशस्वी प्रयोग मँचेस्टर विद्यापीठात २१ जून १९४८ रोजी झाला. फ्रेडरिक विल्यम्स, टॉम किलबर्न आणि जेफ टूटिल यांनी हे यंत्र बांधले होते. किलबर्न यांनी लिहिलेला कार्यक्रम दिलेल्या संख्येचा, ती संख्या सोडून, सर्वांत मोठा विभाजक शोधीत असे. २ चा अठरावा घात, म्हणजे २,६२,१४४ ही संख्या घेऊन तिच्याहून एकाने लहान असलेल्या संख्येपासून खाली एकेक संख्या तपासत जाण्याची रीत मुद्दाम निवडण्यात आली होती, कारण यंत्र दीर्घकाळ न चुकता चालते की नाही हे पाहावयाचे होते. १,३१,०७२ हे उत्तर मिळण्यास ५२ मिनिटे लागली व तेवढ्या वेळात सु. ३५ लक्ष क्रिया झाल्या. म्हणजे एका क्रियेस सरासरीने एक मिलिसेकंदाच्या आसपास काळ लागला. नोंदलेल्या कालावधीसह उपलब्ध असलेल्या सर्वांत जुन्या कार्यक्रमांपैकी हा एक होय.

या काळातील यंत्रांत प्रत्येक आदेशाला लागणारा काळ निश्चित असे व तो यंत्राच्या माहितीपुस्तिकेत छापलेला असे. त्यामुळे आदेश मोजून बेरीज केली की काळ मिळत असे. जॉन फोन नॉयमान व हर्मन गोल्डस्टाइन यांनी १९४७-४८ मधील आपल्या अहवालांत याच रीतीने संख्या क्रमाने लावण्याच्या कार्यक्रमांना लागणाऱ्या काळाचे अंदाज दिले. ॲलन ट्यूरिंग यांनी १९४८ मध्ये समीकरणे सोडविण्याच्या रीतींची तुलना करताना प्रत्यक्ष सेकंदांऐवजी गुणाकारांची व नोंदींची संख्या हे माप वापरले. यंत्र बदलले तरी क्रियांची संख्या बदलत नाही, हा त्या मापाचा फायदा होता.

स्मृतीची रचना मात्र या सोप्या बेरजेच्या आड येई. काही संगणकांत आदेश पाऱ्याने भरलेल्या नळ्यांतून जाणाऱ्या ध्वनितरंगांच्या रूपात, तर काहींत फिरत्या चुंबकीय ड्रमवर साठविलेले असत. हवा असलेला आदेश वाचनशीर्षाखालून नुकताच पुढे सरकला असेल, तर तो पुन्हा येईपर्यंत थांबावे लागे. १९५४ मध्ये प्रत्यक्ष वापरात आलेल्या आयबीएम ६५० या संगणकाचा ड्रम मिनिटाला १२,५०० फेरे करी. म्हणजे एका फेऱ्यास ४·८ मिलिसेकंद लागत. आदेशांची जागा चुकीची निवडल्यास प्रत्येक आदेशापाठीमागे जवळजवळ एक फेरा वाया जाऊन तोच कार्यक्रम कित्येक पटींनी मंद होई. म्हणून या यंत्रात प्रत्येक आदेशात पुढील आदेशाचा पत्ता देण्याची सोय होती आणि आदेश ड्रमवर सोयीस्कर अंतरांवर मांडणे हे कार्यक्रमलेखकाचे कौशल्य मानले जाई. हे काम आपोआप करणारा ‘सोप’ हा कार्यक्रम पुढे तयार झाला. यंत्राच्या भाषेऐवजी गणिती सूत्रांसारख्या भाषेत कार्यक्रम लिहावेत, या कल्पनेलाही आरंभी विरोध झाला तो याच मुद्द्यावर. यंत्राने भाषांतर केलेला कार्यक्रम हाताने लिहिलेल्या कार्यक्रमाहून मंद असणार, अशी लेखकांची समजूत होती. जॉन बॅकस व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५७ मध्ये फोर्ट्रान या भाषेचा कंपायलर (भाषांतर करणारा कार्यक्रम) उपलब्ध करून दिला. त्याने तयार केलेले कार्यक्रम वेगात हाताने लिहिलेल्यांच्या जवळपास जातात, असे दिसून आल्यावरच ही भाषा सर्वत्र स्वीकारली गेली.

आदेशांची मिश्रणे : १९५० नंतरच्या दशकात अनेक कंपन्यांची यंत्रे बाजारात आली व त्यांची तुलना करण्याची गरज भासू लागली. आरंभी केवळ बेरजेस लागणारा काळ पाहून यंत्रांची प्रतवारी लावीत. परंतु एक यंत्र बेरजेत शीघ्र व गुणाकारात मंद, तर दुसरे याच्या उलट, असे असल्यास ही प्रतवारी निरुपयोगी ठरे. आयबीएम कंपनीतील जॅक गिब्सन यांनी १९५९ मध्ये प्रत्यक्ष कार्यक्रमांतील आदेशांची गणना करून त्यांचे प्रमाण ठरविले. त्यांच्या गणनेत स्मृतीतून संख्या आणणे व परत ठेवणे यांचा वाटा सु. ३१%, एका आदेशावरून दुसरीकडे उडी मारण्याचा सु. १७%, तर चलबिंदू (दशांशचिन्हाचे स्थान बदलते असलेल्या) संख्यांच्या भागाकाराचा अवघा १·५% होता. प्रत्येक आदेशाच्या काळाला त्याच्या वाट्याने गुणून येणाऱ्या सरासरीला ‘गिब्सन मिश्रण’ असे नाव पडले. संगणक आपला बहुतेक वेळ गणित करण्यात नव्हे, तर संख्यांची ने-आण व निवड करण्यात घालवितो, हे यावरून प्रथमच आकड्यांनिशी स्पष्ट झाले.

यातूनच सेकंदाला किती दशलक्ष आदेश, म्हणजे ‘मिप्स’ हे माप रूढ झाले. या मापाचा दोष असा, की वेगवेगळ्या यंत्रांचे आदेश सारखे काम करीत नाहीत. डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनचा व्हॅक्स-११/७८० हा १९७७ मधील संगणक एक मिप्सचे प्रमाण यंत्र म्हणून धरला जाई. प्रत्यक्ष मोजणीत मात्र तो सेकंदाला सु. पाच लक्षच आदेश पार पाडतो, असे आढळले. त्याचा एकेक आदेश अधिक काम करी, एवढाच याचा अर्थ होता.

कालविभागणी व दोन घड्याळे : एका वेळी एकच कार्यक्रम चालत असे, तोपर्यंत भिंतीवरचे घड्याळ मापनास पुरेसे होते. १९६१ मध्ये मॅसॅचूसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या संस्थेत फर्नांदो कॉर्बाटो व त्यांच्या सहकाऱ्यांनी एकाच संगणकाचा काळ अनेक वापरणाऱ्यांत वाटून देणारी पद्धती दाखविली. तीत प्रत्येकाचा कार्यक्रम थोडा वेळ चालवून थांबविला जाई व दुसऱ्याचा पुढे घेतला जाई. कार्यक्रम सुरू झाल्यापासून संपेपर्यंतचा काळ आता शेजारच्या माणसांच्या कामावर अवलंबून राहू लागला. त्यामुळे एकूण उलटलेला काळ आणि संस्करण एककाने त्या कार्यक्रमासाठी प्रत्यक्ष खर्च केलेला काळ असे दोन भेद करावे लागले. अनेक केंद्रे दुसऱ्या काळावर भाडे आकारीत. त्यामुळे त्याचे मापन हा हिशेबाचाही विषय बनला. पुढे युनिक्स या कार्यकारी प्रणालीतील ‘टाइम’ ही आज्ञा तीन आकडे देऊ लागली : एकूण काळ, कार्यक्रमाने स्वतः वापरलेला काळ आणि त्याच्या वतीने प्रणालीने वापरलेला काळ.

घड्याळांतही सुधारणा झाल्या. आरंभीची अंतर्गत घड्याळे वीजपुरवठ्याच्या कंप्रतेवर चालत व सेकंदाच्या साठाव्या भागाहून सूक्ष्म काळ त्यांना कळत नसे. १९७० मध्ये जाहीर झालेल्या आयबीएम सिस्टिम/३७० मालिकेत मायक्रोसेकंदापर्यंत काळ दाखविणारे घड्याळ आले, तर १९९३ मधील इंटेल पेंटियम या एककात प्रत्येक स्पंदाबरोबर एकाने वाढणारा गणित्र कार्यक्रमांना वाचण्यासाठी उपलब्ध झाला.

नियंत्रणकार्यातील काळ : ज्या कामात उत्तर ठराविक क्षणापूर्वीच मिळावे लागते, तेथे सरासरी काळापेक्षा कमाल काळाला महत्त्व असते. याचे प्रसिद्ध उदाहरण अपोलो–११ च्या चंद्रावतरणाचे होय. २० जुलै १९६९ रोजी नील आर्मस्ट्राँग व एडविन ऑल्ड्रिन यांचे अवतरणयान खाली उतरत असताना त्यातील संगणकाने १२०२ व १२०१ या क्रमांकांचे धोक्याचे इशारे दिले. एका रडारच्या वीजपुरवठ्यातील विसंगतीमुळे संगणकाकडे निरर्थक स्पंदांचा ओघ चालू होता. प्रत्येक स्पंद मोजण्यास एक स्मृती-आवर्तन, म्हणजे ११·७ मायक्रोसेकंद खर्च होत होते. असे करता करता संगणकाचा सु. १५ टक्क्यांच्या आसपास काळ गेला व अवतरणाची गणिते ठरलेल्या वेळात पुरी होईनात. कार्यक्रमाची रचना करणाऱ्यांनी कामांना अग्रक्रम दिलेले होते. त्यानुसार कमी महत्त्वाची कामे सोडून देऊन संगणक पुनःपुन्हा नव्याने सुरू होत राहिला आणि मार्गदर्शनाचे व एंजिन-नियंत्रणाचे काम अखंड चालू राहिले. यान सुखरूप उतरले. प्रत्येक कामाला लागणारा काळ आधी मोजलेला असणे व अधिक भारासाठी तरतूद असणे, या दोन्हींचे महत्त्व या घटनेने अधोरेखित केले. विमाने, मोटारींतील गतिरोधक आणि वैद्यकीय उपकरणे यांच्या कार्यक्रमांसाठी कमाल काळाची हमी देणे ही पुढे अभ्यासाची स्वतंत्र शाखा बनली.

कार्यक्रमाच्या अंतरंगाचे मापन : संपूर्ण कार्यक्रमाला लागणारा काळ कळला, तरी तो कोठे खर्च झाला हे त्यावरून कळत नाही. स्टॅनफर्ड विद्यापीठातील डोनाल्ड कनुथ यांनी १९७१ मध्ये फोर्ट्रान भाषेतील प्रत्यक्ष वापरातील अनेक कार्यक्रमांचा अभ्यास प्रसिद्ध केला. कार्यक्रमाच्या चार टक्क्यांहून कमी भागात निम्म्याहून अधिक काळ खर्च होतो, असे त्यांना आढळले. कार्यक्रमलेखकांचे याविषयीचे अंदाज बहुधा चुकतात व म्हणून प्रत्येक भागाच्या खर्चाचा तक्ता त्यांच्यासमोर असावा, असे त्यांचे मत होते. अशा तक्त्याला ‘प्रोफाइल’ म्हणतात.

प्रोफाइल दोन रीतींनी तयार करतात. पहिल्या रीतीत प्रत्येक उपकार्यक्रमाच्या आरंभी व शेवटी मोजणीचे आदेश घालतात. मोजणी अचूक होते, पण मोजणीच्या आदेशांनाच वेळ लागून मूळ कार्यक्रमाचे स्वरूप बदलते. लहान उपकार्यक्रम वारंवार वापरले जात असल्यास ही विकृती मोठी असते. दुसरी रीत नमुना निवडीची आहे. तीत ठराविक अंतराने कार्यक्रम क्षणभर थांबवून त्या क्षणी कोणता आदेश चालू आहे, एवढेच नोंदवितात. सेकंदाला ६० नमुने घेतल्यास १० सेकंदांत ६०० नमुने मिळतात. एखादा भाग एकूण काळाचा चतुर्थांश घेत असेल, तर त्याच्या वाट्याला सु. १५० नमुने यावेत. परंतु यदृच्छेमुळे या आकड्यात १०–११ नमुन्यांचा फरक सहज पडू शकतो. म्हणून थोड्या नमुन्यांवरून काढलेले निष्कर्ष सावधपणे घ्यावे लागतात.

युनिक्समधील ‘प्रॉफ’ हा कार्यक्रम नमुना निवडीच्या रीतीने प्रत्येक उपकार्यक्रमाचा काळ सांगत असे. तथापि एकाच उपकार्यक्रमाला अनेकांकडून काम सांगितले जाते, तेव्हा त्याचा खर्च कोणाच्या खात्यावर घालावा हे त्यावरून समजत नसे. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली शाखेतील सूझन ग्रॅहॅम, पीटर केसलर व मार्शल मकूझिक यांनी १९८२ मध्ये ‘जीप्रॉफ’ हा कार्यक्रम सादर करून ही उणीव दूर केली. कोणी कोणाला किती वेळा काम सांगितले याची नोंद ठेवून खर्च मूळ मागणी करणाऱ्यापर्यंत पोहोचविणे, हे त्याचे वैशिष्ट्य होय.

प्रमाण कार्यक्रम : यंत्रांची तुलना करण्यासाठी सर्वांवर चालविता येतील असे ठराविक कार्यक्रम वापरण्याची पद्धत १९७० नंतर रूढ झाली. त्यांना बेंचमार्क असे म्हणतात. इंग्लंडमधील नॅशनल फिजिकल लॅबोरेटरीतील ब्रायन विचमन यांनी गोळा केलेल्या आकडेवारीवरून हॅरल्ड कर्नो यांनी १९७२ मध्ये ‘व्हेटस्टोन’ हा प्रमाण कार्यक्रम तयार केला. लेस्टरशरमधील व्हेटस्टोन या गावी तयार झालेल्या अल्गॉल भाषेच्या कंपायलरवरून त्याला हे नाव मिळाले. राइनहोल्ड व्हाइकर यांनी १९८४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आणि चलबिंदू गणिते नसलेल्या कार्यक्रमाला ‘ड्रायस्टोन’ हे नाव या नावावर कोटी करूनच देण्यात आले. जॅक डोंगारा यांनी १९७९ मध्ये ‘लिनपॅक’ या गणिती कार्यक्रमसंग्रहाच्या पुस्तिकेला जोडलेल्या परिशिष्टात शंभर अज्ञातांची शंभर एकघाती समीकरणे सोडविण्यास निरनिराळ्या यंत्रांना लागणारे काळ दिले. या कामात सु. ६·८७ लक्ष चलबिंदू क्रिया कराव्या लागतात. म्हणून काळावरून सेकंदाला होणाऱ्या क्रियांची संख्या काढता येते. समीकरणांची संख्या वाढवून हीच चाचणी १९९३ पासून वर्षातून दोनदा प्रसिद्ध होणाऱ्या जगातील ५०० अतिशीघ्र संगणकांच्या यादीसाठी वापरली जाऊ लागली.

प्रमाण कार्यक्रमांवर विक्री अवलंबून राहू लागताच यंत्रे व कंपायलर त्यांच्याच सोयीने घडविले जाऊ लागले. लहान कृत्रिम कार्यक्रमांतील ज्या गणितांची उत्तरे पुढे कोठेच वापरली जात नाहीत, ती चांगला कंपायलर निरर्थक म्हणून गाळून टाकी. मग मोजला जाणारा काळ न केलेल्या कामाचा असे. यावर उपाय म्हणून १९८८ मध्ये अमेरिकेत ‘स्पेक’ ही संस्था स्थापन झाली व तिने प्रत्यक्ष वापरातील मोठे कार्यक्रम निवडून त्यांचा संच १९८९ मध्ये प्रसिद्ध केला. त्यातही सारण्यांचा गुणाकार करणारा ‘मॅट्रिक्स ३००’ हा कार्यक्रम होता. गुणाकाराचा क्रम बदलून स्मृतीचा चांगला उपयोग करून घेणारे कंपायलर निघाल्यावर या एका कार्यक्रमाचा वेग अनेक पटींनी वाढला व संचाची सरासरीही त्याबरोबर फुगली. म्हणून १९९२ च्या संचातून तो वगळण्यात आला. प्रमाण कार्यक्रम लोकप्रिय झाला की तो प्रमाण राहत नाही, हा अनुभव या क्षेत्रात वारंवार आला आहे.

सैद्धांतिक गणना : घड्याळाने मोजलेला काळ त्या यंत्रापुरता खरा असतो. रीतीचा अंगभूत गुण जाणण्यासाठी, माहितीचे आकारमान वाढत गेले असता क्रियांची संख्या कशी वाढते, हे पाहतात. कनुथ यांच्या १९६८ पासून प्रसिद्ध होऊ लागलेल्या ग्रंथमालेने या विश्लेषणाला शिस्त आणली, तर युरिस हार्टमानिस व रिचर्ड स्टर्न्स यांच्या १९६५ मधील निबंधाने त्याचा सैद्धांतिक पाया घातला. दहा लक्ष नावे अकारविल्हे लावावयाची असल्यास प्रत्येक नावाची इतर प्रत्येकाशी तुलना करणाऱ्या रीतीत एक लक्ष कोटी तुलना होतात. नावांचे गट पाडून ते क्रमाने मिसळणाऱ्या रीतीत सु. दोन कोटी पुरतात. सेकंदाला शंभर कोटी तुलना करणारे यंत्र पहिल्या रीतीने सु. १७ मिनिटे, तर दुसऱ्या रीतीने सेकंदाचा पन्नासावा भाग घेईल. यंत्र दसपट शीघ्र केल्याने हा फरक भरून निघत नाही.

या विचाराला एक मर्यादाही आहे. दिलेला कार्यक्रम कधी तरी थांबेल की नाही, हे सर्व कार्यक्रमांच्या बाबतीत ठरवू शकणारी सर्वसामान्य रीत असू शकत नाही, असे ट्यूरिंग यांनी १९३६ मध्येच सिद्ध केले होते. म्हणून कोणत्याही कार्यक्रमाला लागणारा काळ केवळ तो वाचून सांगणारी रीतही असू शकत नाही.

आधुनिक यंत्रांतील अडचणी : १९६८ मधील आयबीएम सिस्टिम/३६० मॉडेल ८५ पासून मुख्य स्मृती व संस्करण एकक यांच्यामध्ये ‘कॅश’ नावाची लहान व द्रुतगती स्मृती येऊ लागली. नंतरच्या एककांत अनेक आदेश एकाच वेळी निरनिराळ्या टप्प्यांत चालू असतात, पुढील उडी कोठे जाईल याचा अंदाज बांधला जातो आणि उष्णतेनुसार स्पंदांची कंप्रता बदलते. परिणामी आदेशाचा निश्चित काळ ही कल्पनाच मागे पडली. हवी असलेली माहिती कॅशमध्ये असल्यास ती सु. एक नॅनोसेकंदात (सेकंदाच्या अब्जांश भागात) मिळते. मुख्य स्मृतीतून आणावी लागल्यास शंभर नॅनोसेकंदांच्या आसपास वेळ जातो. एका नॅनोसेकंदात प्रकाश केवळ ३० सेंमी. अंतर जातो, हे लक्षात घेतल्यास या मापनाच्या सूक्ष्मतेची कल्पना येईल.

टॉड मिटकोविच, अमेर दिवाण, माथियास हाउसविर्थ व पीटर स्वीनी यांनी २००९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, कार्यक्रमाशी संबंध नसलेल्या बाबींमुळेही निष्कर्ष उलटू शकतात, असे दाखविले. कार्यक्रमाचे भाग जोडण्याचा क्रम बदलला किंवा प्रणालीकडून मिळणाऱ्या माहितीच्या मजकुराची लांबी बदलली, तरी स्मृतीतील जागा सरकतात व तीच सुधारणा एकदा लाभदायक, तर एकदा हानिकारक ठरते. म्हणून मापन पुष्कळ वेळा करणे, पहिल्या काही फेऱ्या वगळणे, केवळ सरासरी न देता आकड्यांचा विस्तारही देणे आणि परिस्थिती हेतुपूर्वक बदलून पाहणे, हे नियम पाळले जातात. इतर कामांचा व्यत्यय काळ वाढवितो, तो कधी कमी करीत नाही. या कारणास्तव लहान भागांच्या मापनात सर्वांत कमी आलेला काळ काही जण ग्राह्य धरतात.

कालमापन व सुरक्षितता : कार्यक्रमाला लागणारा काळ त्याने हाताळलेल्या गुप्त माहितीवर अवलंबून असल्यास तो काळच माहिती उघड करतो. गुप्तलेखनातील किल्लीच्या अंकांनुसार गुणाकारांची संख्या बदलते व पुष्कळ वेळा काळ मोजून किल्ली शोधता येते, असे पॉल कोकर यांनी १९९६ मध्ये दाखविले. जानेवारी २०१८ मध्ये जाहीर झालेल्या ‘मेल्टडाउन’ व ‘स्पेक्टर’ या दोषांचा उलगडाही कालमापनावर आधारलेला होता. संस्करण एककाने अंदाजाने केलेले व नंतर रद्द केलेले काम कॅशमध्ये खुणा ठेवते आणि माहिती लवकर मिळते की उशिरा हे मोजून त्या खुणा वाचता येतात. यानंतर महाजालक पाहण्याच्या कार्यक्रमांतील घड्याळांची सूक्ष्मता मुद्दाम कमी करण्यात आली.

याउलट मापनामुळे धोका टळल्याचेही उदाहरण आहे. मार्च २०२४ मध्ये आंद्रेस फ्रॉइंट हे अभियंते एका माहितीसंग्रह प्रणालीची चाचणी घेत होते. तेव्हा दूरच्या संगणकात प्रवेश मिळण्यास सु. ०·३ सेकंदांऐवजी सु. ०·८ सेकंद लागतात, असे त्यांच्या लक्षात आले. या अर्ध्या सेकंदाचा माग काढता ‘एक्सझेड’ या माहिती संक्षिप्त करणाऱ्या व सर्वत्र वापरल्या जाणाऱ्या कार्यक्रमसंग्रहात कोणी तरी हेतुपुरस्सर चोरवाट बसविली असल्याचे उघडकीस आले. २९ मार्च रोजी त्यांनी ही गोष्ट जाहीर केली आणि बहुसंख्य यंत्रांवर पोहोचण्यापूर्वीच तो भाग मागे घेण्यात आला.

भारत : मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत बांधलेला ‘टिफ्रॅक’ हा संगणक १९६० मध्ये कार्यान्वित झाला. १९६४ मध्ये त्याच संस्थेत सीडीसी ३६०० हे मोठे यंत्र आले व देशातील अनेक संस्थांचे संशोधक त्याचा वापर करू लागले. प्रगत संगणन विकास केंद्र (सी-डॅक) या १९८८ मध्ये स्थापन झालेल्या संस्थेने पुणे येथे १९९१ मध्ये ‘परम ८०००’ हा समांतर संगणक तयार केला. २००३ मध्ये तिचा ‘परम पद्म’ लिनपॅक चाचणीवर आधारलेल्या जागतिक यादीत १७१ व्या स्थानी आला. पुण्यातीलच कॉम्प्युटेशनल रिसर्च लॅबोरेटरीज या टाटा उद्योगसमूहाच्या संस्थेतील ‘एक’ या संगणकाने नोव्हेंबर २००७ च्या यादीत चौथे स्थान मिळविले. सेकंदाला सु. १७० लक्ष कोटी चलबिंदू क्रिया ही त्याची कागदोपत्री कमाल क्षमता होती. चाचणीत प्रत्यक्षात ११७·९ लक्ष कोटी क्रिया मोजल्या गेल्या. या दोन आकड्यांतील अंतर हे अशा मापनाची आवश्यकता पुरेशी स्पष्ट करते. मे २०२३ च्या यादीत सी-डॅकच्या पुणे येथील ‘ऐरावत’ या संगणकाला ७५ वे स्थान मिळाले.

सैद्धांतिक बाजूस कानपूरच्या भारतीय तंत्रविद्या संस्थेतील मणींद्र अगरवाल, नीरज कयाल व नितीन सक्सेना यांचे २००२ मधील कार्य महत्त्वाचे आहे. दिलेली संख्या अविभाज्य आहे की नाही हे, कोणतेही असिद्ध गृहीत न घेता व यदृच्छेचा आधार न घेता, संख्येतील अंकांच्या संख्येच्या निश्चित घाताहून अधिक न वाढणाऱ्या काळात ठरविता येते, हे त्यांनी सिद्ध केले. व्यवहारात यदृच्छेवर आधारलेल्या जुन्या कसोट्याच अधिक शीघ्र ठरतात व त्यांचाच वापर होतो. कागदावरील गणना आणि घड्याळाचे मापन ही एकमेकांस पूरक असली, तरी एक दुसऱ्याची जागा घेऊ शकत नाही, हे या उदाहरणावरून दिसून येते.